नोंदवहीला प्रश्न विचारू या



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळी रेडिओचा कान पिळतील, अशी मला धास्ती आहे. विषय आहे, संगणकात ठेवलेल्या नोंदींना प्रश्न कसा विचारावा. या प्रश्नाला क्वेरी असे नाव आहे. हा विषय शहरातल्या कचेऱ्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पण घटकाभर दम धरा. हा विषय तुमच्या शाळेच्या हजेरीपटापासून फार दूर नाही, आणि बीड जिल्ह्यातील लेकरांच्या शिक्षणाशी तर त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा हे गाव आहे. गाव परळी तालुक्यातले, बाजारपेठेचे. या भागात दसरा उलटला, दिवाळी जवळ आली की काय होते ते मी तुम्हाला सांगावयास नको. टोळ्या जमू लागतात, मुकादमाची उचल आधीच घेऊन झालेली असते, ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, अंथरूण-पांघरूण चढते आणि कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. परत यायचे ते पाडव्याच्या सुमारास, नाहीतर त्याही पुढे. मुकादमाच्या वहीत हिशेब असतो कोयत्याचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्यासोबत ट्रॉलीत बसलेल्या लेकरांसाठी त्या वहीत रकाना नसतो. तो रकाना असतो शाळेच्या वहीत. आणि म्हणूनच ती वही नीट बोलली पाहिजे.

वही बोलते म्हणजे काय? समजा, सप्टेंबर महिना आहे. मुख्याध्यापकांना एक गोष्ट हवी आहे: यंदा कोणत्या मुलांचे आईबाप तोडीला जाणार आहेत, आणि त्यांपैकी कोणाच्या घरी मागे सांभाळणारे आजी-आजोबा नाहीत. ही माहिती शाळेत नाही असे नाही. थोडी जनरल रजिस्टरात आहे, थोडी हजेरीपटात, थोडी वर्गशिक्षकांच्या डोक्यात. पण ती एकत्र यायला चार दिवस पाने उलटावी लागतात, आणि तोवर ट्रॉली गावाची शीव ओलांडून गेलेली असते. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यावयाची सोय आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. या साऱ्याचा उपयोग केव्हा? तर यादी वेळेवर हाती असेल तेव्हा.

आता कोणी गुरुजी म्हणतील, "अहो, आमची पोरं पन्नास. मला सगळी तोंडपाठ आहेत. यंत्र कशाला?" खरे आहे. पन्नास मुलांना चांगल्या शिक्षकाची आठवण पुरते. पण शिक्षकाची बदली होते, आणि ती आठवण त्याच्याबरोबर एस. टी. त बसून निघून जाते. नवा शिक्षक येतो तो कोऱ्या पाटीने. शिवाय केंद्रातील सगळ्या शाळांचे मिळून काय, असे विचारले तर कोणाचीच आठवण पुरत नाही.

तेव्हा नोंदी संगणकात ठेवावयाच्या. पण कशा ठेवावयाच्या, यात सगळे मर्म आहे. पुष्कळ शाळांत एक्सेलचा एकच लांबलचक तक्ता असतो: नाव, इयत्ता, वडिलांचे नाव, फोन, वस्ती, आणि पुढे महिन्या-महिन्याची हजेरी. एका घरातील तीन भावंडे असतील तर बापाचा फोन तीन ठिकाणी लिहिलेला. फोन बदलला, एका ठिकाणी दुरुस्त केला, दोन ठिकाणी तसाच राहिला. मग खरा कोणता? सांगता येत नाही.

या दुखण्यावर औषध शोधले ते एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने. माणूस जन्माने इंग्रज, नोकरी अमेरिकेत आय. बी. एम. या कंपनीच्या संशोधनशाळेत. १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील विचार सोप्या भाषेत सांगायचा तर असा: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक गोष्टीचा तक्ता वेगळा करा, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध समान क्रमांकाने जोडा. माहिती यंत्रात कोठे पडली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने फक्त काय हवे ते सांगावे. १९७४ साली त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी असे प्रश्न लिहिण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. त्याच दशकात मोशे झ्लूफ याने आणखी सोपी वाट काढली: भाषा लिहूच नका, कोऱ्या चौकटीत नमुना भरा, म्हणजे यंत्र त्यासारख्या नोंदी काढून देईल. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस हा कार्यक्रम बाजारात आणला, त्यात ही चौकट टेबलावरच्या साध्या संगणकात आली. लिबरऑफिसमधील बेस हा असाच कार्यक्रम, आणि तो विनामूल्य मिळतो.

आपण आता मनातल्या मनात एका शाळेचा डेटाबेस मांडू. तीन तक्ते पुरेत.

पहिला तक्ता विद्यार्थ्यांचा. त्यात जनरल रजिस्टरचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि कुटुंबाचा क्रमांक. दुसरा कुटुंबांचा. त्यात कुटुंब क्रमांक, वस्ती, फोन, तोडीला जातात की नाही, आणि मागे सांभाळणारे कोणी आहे का. तिसरा हजेरीचा. त्यात रजिस्टर क्रमांक, महिना आणि हजर दिवस. फोन आता एकाच ठिकाणी. भावंडे तीन असोत की चार, सर्वांच्या नोंदीत कुटुंब क्रमांक एकच. मुलाची ओळख नावाने नव्हे, तर रजिस्टर क्रमांकाने. कारण एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली सहज असतात, पण एका क्रमांकाची दोन मुले कधीच नसतात.

आता प्रश्न विचारू. साध्या प्रश्नाला तीन अंगे असतात. कोणते रकाने पाहिजेत, कोणत्या तक्त्यातून पाहिजेत, आणि अट काय. 'विद्यार्थी या तक्त्यातून नाव आणि जन्मतारीख दाखव, जेथे इयत्ता चौथी आहे.' झाला प्रश्न! अ‍ॅक्सेसमध्ये तुम्ही तक्ता वर ठेवता, खालच्या चौकटीत रकाने ओढून आणता आणि अटीच्या ओळीत ४ हा आकडा लिहिता. बटण दाबले की यादी समोर.

या प्रश्नाला नाव देऊन तो जपून ठेवता येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र उत्तर जपून ठेवत नाही, प्रश्न जपून ठेवते. जूनमध्ये जपलेला प्रश्न तुम्ही सप्टेंबरात उघडला तर सप्टेंबरचे उत्तर मिळते. मधल्या काळात चार मुले नवी आली असतील तर ती आपोआप यादीत येतात. कागदावरची यादी लिहिल्या दिवसापासून जुनी होऊ लागते, हिचे तसे होत नाही. पुढे तुम्ही असेही करू शकता की, वस्तीचे नाव अटीत न लिहिता चौकोनी कंसात 'कोणती वस्ती?' असे लिहून ठेवावयाचे. मग प्रत्येक वेळी अ‍ॅक्सेसच तुम्हाला विचारते, कोणती वस्ती, आणि तुम्ही सांगाल त्या वस्तीची यादी देते.

अटी एकाहून जास्त असल्या म्हणजे 'आणि' व 'किंवा' यांचा घोळ होतो. चौकटीत एकाच ओळीवर लिहिलेल्या अटी 'आणि' ने जोडल्या जातात. खालच्या ओळीवर लिहिलेली अट 'किंवा' समजली जाते. समजा, तुम्हाला दोन वस्त्यांवरची चौथीची मुले पाहिजेत. पहिल्या ओळीवर लिहिले, इयत्ता ४ आणि एक वस्ती. दुसऱ्या ओळीवर नुसती दुसरी वस्ती. उत्तरात काय येईल? पहिल्या वस्तीवरची चौथीची मुले, आणि दुसऱ्या वस्तीवरची पहिलीपासूनची सगळी. यंत्राचा दोष नाही. दुसऱ्या ओळीवर चौथीची अट तुम्ही पुन्हा लिहिली नाही, एवढेच.

पुढची पायरी, दोन तक्त्यांची जोडणी. आपला मूळ प्रश्न आठवा: आईबाप तोडीला जातात आणि मागे सांभाळणारे कोणी नाही, अशी मुले कोणती? मुलाचे नाव एका तक्त्यात, तोडीची माहिती दुसऱ्यात. दोन्ही तक्ते समोर ठेवा आणि कुटुंब क्रमांक हा रकाना एकातून दुसऱ्यावर ओढून रेघ जोडा. रेघ जोडायची राहिली तर गंमत होते. यंत्र प्रत्येक मुलाला प्रत्येक कुटुंबाशी जोडून पाहते. शाळेत २०० मुले आणि १२० कुटुंबे असली तर २४,००० ओळींचे उत्तर निघते. इतकी लेकरे आपल्या शाळेत नाहीत, हे तर गावात कोणीही सांगेल. उत्तर पाहून असा संशय येणे, हा शिक्षकाचा मोठा गुण आहे. तो सोडू नका.

आता दोन धोके सांगतो, कारण ते दिसत नाहीत.

पहिला धोका कोऱ्या रकान्याचा. 'तोडीला जातात का?' याचे उत्तर होय किंवा नाही, असे दोनच आहे असे आपल्याला वाटते. पण तिसरेही आहे: अजून कोणी विचारलेलेच नाही. अ‍ॅक्सेसमध्ये होय-नाही असा खास प्रकारचा रकाना मिळतो, त्यात टिचकी मारली की होय. मारली नाही तर यंत्र ते 'नाही' असेच समजते. म्हणजे ज्या घरी शिक्षक पोचलेच नाहीत, ते घर 'तोडीला जात नाही' या यादीत जाऊन बसते. दुसऱ्या प्रकारचा रकाना घेतला आणि तो कोरा राहिला, तर वेगळीच तऱ्हा. 'होय' मागा, ते घर येत नाही. 'होय सोडून बाकीचे' मागा, तरीही येत नाही. कोरा रकाना कोणत्याही तुलनेत सापडत नाही. त्याच्यासाठी 'इज नल', म्हणजे 'कोरा आहे', ही अट मुद्दाम लिहावी लागते. म्हणून माझी सूचना अशी की, येथे तीन पर्याय ठेवावेत: जातात, जात नाहीत, विचारलेले नाही. आणि दर आठवड्याला पहिला प्रश्न तिसऱ्या पर्यायाचा काढावा. कोणाकडे जायचे राहिले आहे, ते त्यातून कळते.

दुसरा धोका याहून मोठा. दिवाळीची सुट्टी संपली, नोव्हेंबर गेला. आता पाहायचे आहे, कोणती मुले परत शाळेत आलीच नाहीत. तुम्ही विद्यार्थी आणि हजेरी हे दोन तक्ते रजिस्टर क्रमांकाने जोडता, महिना नोव्हेंबर अशी अट घालता आणि यादी काढता. यादी छान येते. त्यातील प्रत्येक मुलाचे दहा, पंधरा, वीस दिवस भरलेले. पण जे पोर गेले त्याची नोव्हेंबरची नोंदच केलेली नसेल तर? साध्या जोडणीचा नियम असा की, दोन्ही तक्त्यांत जुळणारी नोंद असेल तरच ओळ दिसते. गेलेल्या मुलाची हजेरीत नोंद नाही, म्हणून ते उत्तरातूनही गेले. ज्याला शोधायला निघालो, नेमके तेच यादीत नाही. आणि यंत्र तुम्हाला एका शब्दाने सांगत नाही की, काहीतरी राहिले.

यावर उपाय आहे. दोन तक्त्यांमधल्या रेघेवर दोनदा टिचकी मारा. तेथे पर्याय मिळतो की, विद्यार्थी या तक्त्यातील सर्व नोंदी दाखव, हजेरीत जोडी असो वा नसो. याला लेफ्ट जॉइन म्हणतात. मग हजेरीच्या बाजूच्या रजिस्टर क्रमांकाला अट घाला, 'इज नल'. ज्यांची जोडी सापडली नाही अशीच मुले उरतील. पण एक खुबी सांभाळा. महिन्याची अट याच प्रश्नात घातली तर फसाल, कारण ज्याची नोंदच नाही त्याला महिना तरी कोठून असणार? तो पुन्हा गळतो. म्हणून काम दोन पायऱ्यांनी करा. आधी 'नोव्हेंबरची हजेरी' असा एक छोटा प्रश्न तयार करून जपून ठेवा. मग विद्यार्थ्यांचा तक्ता त्या जपलेल्या प्रश्नाशी जोडा. होय, प्रश्नाला प्रश्न जोडता येतो. अ‍ॅक्सेसमध्ये या कामासाठी 'फाइंड अनमॅच्ड' नावाचा तयार सोबतीही आहे. त्याला दोन नावे सांगितली की, तो ही जोडणी स्वतः करून देतो.

मंडळी, साऱ्या भाषणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. हजर असणाऱ्याची यादी कोणीही काढील. जो नाही त्याची यादी काढण्यासाठी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो.

मोजणीच्या प्रश्नाबद्दल दोन शब्द. वस्तीवार गट करून प्रत्येक गटात किती मुले, हे यंत्र क्षणात सांगते. आकडा हाती आला की, बोलण्याला वजन येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांविषयी वर्षानुवर्षे कुजबुज होती. २०१९ साली त्याची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाली होती. मोजणी झाली, तेव्हा ती गोष्ट एकेका घराचे दुःख न राहता साऱ्या समाजाचा प्रश्न झाली. शाळेच्या पातळीवर आपले आकडे लहान असतील, पण 'पुष्कळ पोरं जातात हो' असे सांगणारा अर्ज आणि वस्तीवार संख्या देणारा अर्ज, यांत फरक पडतोच.

काही क्वेरी मात्र नुसत्या विचारत नाहीत, नोंदी बदलतात. त्यांना जपून हात लावा. वर्ष संपल्यावर 'प्रत्येकाची इयत्ता एकने वाढव' असा हुकूम देता येतो, आणि तो फार सोयीचा आहे. पण तोच चुकून दोनदा दिला, तर पहिलीतले पोर एकदम तिसरीत जाऊन बसते! बदलणारी क्वेरी एकदा पार पडली की, मागे फिरता येत नाही. म्हणून आधी फाइलची प्रत काढून ठेवावी. मग तीच अट घालून नुसती यादी पाहावी, कोणत्या नोंदी बदलणार आहेत ते डोळ्यांनी तपासावे, आणि मगच हुकूम द्यावा.

लिहिण्याची शिस्तही हवी. आपण सिरसाळा, सिरसाळे, शिरसाळा असे तीन तऱ्हेने लिहिले तरी माणसाला एकच गाव कळते. यंत्राला ती तीन गावे दिसतात. म्हणून गावे आणि वस्त्या दरवेळी टंकू नयेत. एकदा यादी करून ठेवावी आणि तीतून निवडाव्यात. मराठी टंकायची ती युनिकोडमध्ये. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात लिहिलेले डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरे साठलेली असतात, त्यामुळे शोध लागत नाही.

आणखी एक. या यादीत लोकांच्या घरची हकीकत असते. कोण बाहेर गेले, कोणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, कोणाचा फोन काय. ती यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकण्याची वस्तू नव्हे. संगणकाला परवलीचा शब्द घालावा, आणि ज्याला काम आहे त्यालाच ती दाखवावी. लोक शाळेला खरे सांगतात ते विश्वासाने. तो विश्वास एकदा गेला, की पुढल्या वर्षी रकाने कोरेच राहतील.

ज्या शाळेत संगणक नाही, तेथील शिक्षकांना हे सर्व ऐकून हिरमुसण्याचे कारण नाही. मी सांगितलेला अर्धा भाग वहीवरही चालतो. कुटुंबांची वही वेगळी करा, प्रत्येकाला क्रमांक द्या, 'विचारलेले नाही' हा रकाना ठेवा, आणि महिनाअखेर हजेरीपटातील नावांवर खूण करत करत ज्यांच्यावर खूण झाली नाही ती नावे वेगळी काढा. हीच ती लेफ्ट जॉइन! यंत्र ते काम लवकर करते, आणि कंटाळत नाही, इतकेच.

शेवटी सांगायचे ते असे. पडद्यावर बारा नावे उमटली म्हणजे काम झाले असे नाही. येथवर यंत्राचे काम झाले. त्या बारा घरी जाऊन, "दादा, लेकरू इथंच राहू द्या, सोय करता येते," असे म्हणायला माणूसच लागतो. कधी घरचे ऐकतील. कधी म्हणतील, "गुरुजी, धाकट्याला सांभाळायला कोण? थोरली संगं पाहिजेच." अशा वेळी निदान हमी पत्रक तिच्या हाती देता येईल, कारखान्याजवळच्या शाळेला कळवता येईल, आणि पाडव्याला ती परतली की तिची वाट पाहणारी एक ओळ आपल्या नोंदीत असेल.

एवढे करायचे तर प्रश्न दसऱ्याच्या आधी विचारला पाहिजे. जानेवारीत विचारलेल्या प्रश्नालाही यंत्र उत्तर देते, पण तोवर लेकराच्या हाती वाढे बांधायचे काम आलेले असते. तेव्हा, शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा जमेल तेथे तीन तक्ते मांडा, गावकऱ्यांनी त्यांना खरी माहिती द्या, आणि पहिला प्रश्न विचारण्यास उशीर लावू नका.